एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) बोर्डाच्या परीक्षेची तयारी: आपल्याकडून अमेरिकेत आलेल्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी

मिरजेला वॉर्डात होते तेव्हा केस पेपरवर दिवसातून वीस वेळा एकच वाक्य लिहायचे, "आरएमओंना कळवलं", म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना. ताप वाढला, कळवलं. बीपी पडलं, कळवलं. अमेरिकेत येऊन आरएन (रजिस्टर्ड नर्स) झाले तरी तेच, फक्त आरएमओच्या जागी प्रोव्हायडर, म्हणजे पेशंट तपासून उपचार ठरवणारा माणूस, आला. मग एफएनपी करताना पहिली प्रॅक्टिस टेस्ट दिली, मार्क बघून रडायचीच बाकी राहिले, आणि चुकलेले प्रश्न एकेक उघडून बघितल्यावर लक्षात आलं की आजार मला बऱ्याच ठिकाणी ओळखता आला होता, पण पर्यायात "फिजिशियनकडे पाठवा" दिसलं की माझा हात आपोआप तिकडेच गेला होता. आता कळवायचं कुणाला, तूच आहेस ना ती प्रोव्हायडर! ही परीक्षा मुख्यतः ह्याच बदलाची आहे असं माझं मत, म्हणून खालचं सगळं त्याच अंगाने लिहितेय.

आधी कोण बसू शकतं ते, कारण ह्यावर मला सगळ्यात जास्त विचारणा होते. चालू आरएन लायसन्स पाहिजे, आणि अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून एफएनपीचं मास्टर्स, डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट) किंवा आधीचं मास्टर्स असेल तर त्यानंतरचं सर्टिफिकेट पाहिजे. त्यात तीन विषय स्वतंत्र शिकलेले दिसले पाहिजेत, ज्यांना इथे सगळे "थ्री पीज" म्हणतात: अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, अ‍ॅडव्हान्स्ड फार्मॅकॉलॉजी आणि अ‍ॅडव्हान्स्ड फिजिकल असेसमेंट. वर किमान ५०० तास देखरेखीखालची क्लिनिकल्स, आणि आता बरेच प्रोग्रॅम त्याहून जास्तच करून घेतात. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, चांगला आहे, पण त्यावर इथली एफएनपीची परीक्षा देता येत नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आलेल्यांना आधी बीएसएनची (नर्सिंगच्या पदवीची) वाट किंवा आरएन ते एमएसएन (नर्सिंगचं मास्टर्स) असा जोडकोर्स शोधावा लागतो, तो उशिरा कळला की दोन वर्षं फुकट जातात म्हणून आधीच सांगते.

आता बोर्ड कुठलं निवडायचं. ही परीक्षा घेणाऱ्या संस्था दोन आहेत, एएएनपीसीबी (बोलताना सगळे नुसतं "एएएनपी" म्हणतात) आणि एएनसीसी. दोन्ही सगळ्या राज्यांत चालतात, फरक नावापुढच्या अक्षरांत, पहिल्याचं एफएनपी-सी आणि दुसऱ्याचं एफएनपी-बीसी, आणि पेशंटला ह्यातलं काही कळत नाही. एएएनपीत १५० प्रश्न, तीन तास, त्यातले १३५ मोजले जातात आणि १५ चाचणीसाठी घुसडलेले असतात जे कुठले ते तुम्हाला कळत नाही. एएनसीसीत १७५ प्रश्न, साडेतीन तास, १५० मोजतात. गंमत म्हणजे भागाकार केला तर दोन्हीकडे एका प्रश्नाला बरोब्बर ७२ सेकंद येतात, त्यामुळे "तिथे वेळ जास्त मिळतो" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. पास व्हायला एएएनपीला ८०० च्या स्केलवर ५०० लागतात आणि एएनसीसीला ५०० च्या स्केलवर ३५०, पण हे स्केल केलेले आकडे आहेत, टक्के नाहीत, "म्हणजे सत्तर टक्के ना" असा हिशोब करू नका.

खरा फरक प्रश्नांच्या जातीत आहे. एएएनपी जवळजवळ सगळी क्लिनिकल, एक प्रश्न चार पर्याय. एएनसीसीत क्लिनिकल आहेच, शिवाय संशोधन कसं वाचायचं, नीतिमत्ता, धोरण, बिलिंग असले प्रश्नही येतात, आणि काही ठिकाणी एकाहून जास्त उत्तरं निवडायची किंवा ओढून जुळवायची असतात. मी एएएनपी दिली कारण थिअरीची नावं मला बीएस्सीपासून कधी पाठ झाली नाहीत. ज्यांना असं वाचन आवडतं, ज्यांनी डीएनपीला ते मनापासून केलं, त्यांनी एएनसीसी जरूर बघावी. पण एक ठरवा आणि त्याच्याच ब्लूप्रिंटवर (कशावर किती प्रश्न येतात त्याच्या आराखड्यावर) अभ्यास करा, दोन्हीचं थोडंथोडं करणारी माझ्या ओळखीतली माणसं शेवटी दमली. ब्लूप्रिंट आणि कँडिडेट हँडबुक दोन्ही बोर्डांच्या साइटवर फुकट मिळतं आणि नियम बदलत असतात, तेव्हा फी, मुदत, कागद ह्या गोष्टी कुणाच्या सांगण्यावर (माझ्यासुद्धा) न जाता तिथेच बघा.

कागदांमध्ये आपल्या लोकांची एक खास भानगड असते ती म्हणजे नाव. भारतातल्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव, मधलं नाव एकदा वडिलांचं एकदा नवऱ्याचं, आणि आरएन लायसन्सवर कुणीतरी मधलं नाव पहिल्याला चिकटवून टाकलेलं. परीक्षेला जाताना ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं पाहिजे, नाहीतर सेंटरच्या दारातूनच परत. मला हे शेवटच्या महिन्यात कळलं आणि नाव दुरुस्त करायच्या फोनाफोनीत अभ्यासाचे दहा दिवस गेले. तुम्ही शेवटच्या सेमिस्टरला लागलात की पहिलं काम हे करा: ड्रायव्हिंग लायसन्स, आरएन लायसन्स, कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, तिन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा.

अभ्यास कधी सुरू करायचा? मी कोर्स संपताच बारा आठवडे धरले होते, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन नाइट सांभाळून. सुट्टी घेऊन बसणाऱ्यांना आठ पुरतात. पण फार लांबवू नका, क्लिनिकल्समधलं डोक्यात ताजं असतं तेच खरं भांडवल, सहा महिन्यांनी ते विरून जातं. आणि सुरुवात पुस्तकाने करू नका. पहिल्या दिवशी काहीही न वाचता एक पूर्ण टेस्ट द्या, मार्क वाईट येऊ देत, कुणाला दाखवायचेत. त्यावरून कळतं की तुमचं भोक कुठे आहे. माझं हृदय आणि डायबेटिस बरं होतं कारण आयुष्य तिथेच गेलं, पण लहान मुलं, त्वचा आणि स्त्रियांचे आजार ह्यात सपशेल झोपले होते, आणि मी नेमकी हृदयाची नोट्स काढून सुंदर रंगवत बसणार होते कारण जे येतं तेच परत वाचायला छान वाटतं!

मग रोज प्रश्न. रिव्ह्यू कोर्स एकच घ्या, क्वेश्चन बँक एकच घ्या, तीनतीन विकत घेऊन एकही पूर्ण न करणारे खूप बघितलेत. मी ड्युटीच्या दिवशी वीस आणि सुट्टीच्या दिवशी साठ प्रश्न करायचे. प्रश्न सोडवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ उत्तराचं स्पष्टीकरण वाचायला द्या, बरोबर आलेल्या प्रश्नाचंसुद्धा, आणि उरलेले तीन पर्याय का चूक आहेत ते तोंडाने मोठ्यांदा बोला. चुकांची वही ठेवा. शंभर पानी, साधी. त्यात प्रश्न उतरवायचा नाही, फक्त का चुकलं ते एका ओळीत: माहीतच नव्हतं, की नीट वाचलं नाही, की बरोबर होतं आणि बदललं, की "कळवलं" केलं. महिन्याभरात माझ्या वहीत "नीट वाचलं नाही" हेच सगळ्यात जास्त भरलं, म्हणजे मी वाचनात महिना घालवला असता तरी ते सुधारलं नसतं.

आता तो नर्सच्या खुर्चीतून प्रोव्हायडरच्या खुर्चीत बसायचा मुद्दा, इथे जरा थांबते. एनक्लेक्सला (आरएन होण्याच्या परीक्षेला) कॉम्प्युटर तुमच्या उत्तराप्रमाणे प्रश्न बदलत जातो, इथे तसं नाही, ठरलेला संच असतो. पण त्याहून मोठा फरक म्हणजे प्रश्न विचारतो काय. उदाहरण घ्या, चोवीस वर्षांची मुलगी, दोन दिवस घसा दुखतोय, ताप १०१, टॉन्सिलवर पांढरं, मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या, खोकला नाही. पुढे काय? पर्यायात पेनिसिलिन आहे, रॅपिड स्ट्रेप टेस्ट आहे, सीबीसी आहे, ईएनटीकडे पाठवणं आहे. आपल्याकडच्या ओपीडीची सवय असलेला हात थेट अँटिबायोटिककडे जातो, नर्सचा हात ईएनटीकडे जातो, आणि उत्तर आहे टेस्ट. त्याच मुलीच्या मानेच्या मागच्या गाठी सुजल्यात, थकवा आहे, प्लीहा हाताला लागते असं लिहिलं की सगळं फिरलं, तो मोनो (व्हायरसचा आजार), तिला अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं आणि धक्काबुक्कीचे खेळ बंद. प्रश्नातला एक शब्द, पुढच्या गाठी की मागच्या.

म्हणून प्रत्येक प्रश्नात आधी हे ठरवा की तो कुठल्या पायरीवर उभा आहे. माहिती काढायची आहे, निदान ठरवायचं आहे, उपचार द्यायचा आहे, की दिलेला उपचार लागू पडला का ते बघायचं आहे? एएएनपीची ब्लूप्रिंट ह्याच चार पायऱ्यांवर बेतलेली आहे. निदान प्रश्नातच दिलेलं असेल तर परत तपासण्यांकडे पळायचं नाही, आणि तपासलंच नसेल तर गोळी द्यायची नाही.

मग पाठवायचं कधीच नाही का? पाठवायचं, पण ते ठराविक जागी, आणि त्या जागा पाठ पाहिजेत. सत्तरीची बाई, कानशिलावर नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखतो, डोळ्यापुढे अंधारी: जायंट सेल आर्टरायटिस (डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांची सूज), बायोप्सीची वाट न बघता स्टेरॉइड लगेच, नाहीतर दृष्टी जाते. तेरा वर्षांचा मुलगा, एका बाजूच्या अंडकोषात अचानक कळ, क्रिमॅस्टेरिक रिफ्लेक्स (मांडीला आतून स्पर्श केल्यावर अंडकोष वर ओढला जाणं) नाही: टॉर्शन, म्हणजे अंडकोषाला पीळ, सरळ इमर्जन्सी. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला दुखतंय, स्पॉटिंग: गर्भ नळीत आहे का हा विचार पहिला. असल्या दहा-पंधरा गोष्टींची यादी करून मी फ्रिजवर लावली होती, मुलगा दूध काढताना वाचायचा आणि मला विचारायचा टॉर्शन म्हणजे काय, सांगताना पंचाईत.

आपल्याकडून आलेल्यांच्या काही ठरलेल्या चुका असतात. औषधांची नावं तर बहुतेकांनी एनक्लेक्सलाच बदलून घेतलेली असतात, पॅरासिटामॉलचं अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनलिनचं एपिनेफ्रिन, पण घाईत ग्लिबेनक्लॅमाइड म्हणजेच ग्लायब्युराइड हे आठवत नाही. वजन पाउंडात येतं, २.२ ने भागायचं. कानाच्या इन्फेक्शनला मुलांना अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम, मूल २२ पाउंडाचं म्हणजे १० किलो, म्हणजे दिवसाला ८०० ते ९००, दोन डोसांत. असली गणितं हाताने करून बघा. बीपीचं बघा, आपल्या डोक्यात १४०/९० पक्कं बसलेलं असतं, इथे २०१७ च्या गाइडलाइनपासून १३०/८० ला स्टेज एक सुरू होते, अर्थात लगेच गोळी असं नाही, कमी जोखमीच्या माणसाला आधी मीठ, वजन, चालणं.

दुसरी चूक अँटिबायोटिकची. सर्दी, नाक चोंदलेलं, पाच दिवस झाले, पिवळा शेंबूड: गावाकडे ह्याला तीन दिवसांचा कोर्स कुणीही देतं, मेडिकलवालासुद्धा. परीक्षेत उत्तर आहे थांबा. दहा दिवसांनीही बरं नाही, किंवा बरं होता होता परत उलटलं, किंवा सुरुवातीपासूनच १०२ च्या वर ताप आणि चेहरा ठणकतोय असं तीन-चार दिवस सलग चाललंय, तेव्हा बॅक्टेरियल सायनसचा विचार. "काही देऊ नका" हा पर्याय बरोबर असू शकतो ह्याची सवय व्हायला मला महिना लागला.

तिसरी टीबी. इथे आपण पेशंटच्या जागी असतो, म्हणून लक्षात राहायला सोपं. लहानपणी बीसीजी घेतलेला, तीन वर्षांपूर्वी भारतातून आलेला माणूस, हातावरच्या टेस्टला १२ मिलिमीटरचा फुगवटा. बीसीजीमुळे असेल म्हणून सोडून द्यायचं नाही. टीबी जास्त असलेल्या देशातून पाच वर्षांच्या आत आलेल्याला १० ला पॉझिटिव्ह धरतात, एचआयव्ही असेल किंवा टीबीच्या पेशंटच्या निकटच्या सहवासात राहिलेला असेल तर ५, आणि कुठलीच जोखीम नसेल तर १५. पुढची पायरी लक्षणं विचारा आणि छातीचा एक्सरे. बीसीजी झालेल्यांना रक्ताची इग्रा टेस्ट जास्त बरी, हेही विचारतात. उलट बाजूला आपल्याला अजिबात न दिसलेले आजार, गोचीड चावून होणारे. मी न्यू जर्सीत राहते, इथे लाइम घरोघरी ऐकायला येतो, बैलाच्या डोळ्यासारखं गोल वाढत जाणारं चट्टं दिसलं की रक्ताची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन. रॉकी माउंटन स्पॉटेड फीवरला मनगट आणि घोट्यापासून सुरू होणारं पुरळ, आणि तिथे लहान मुलालाही डॉक्सिसायक्लिनच. डेंग्यू-मलेरिया येणाऱ्यांना हे मुद्दाम घोकावं लागतं.

त्वचेसाठी माझी एक युक्ती. इंग्रजी वर्णनं पाठ होईनात म्हणून मी प्रत्येकाला घरचं नाव लावलं. स्केबीज म्हणजे खरूज, रात्री खाज, बोटांच्या बेचक्यात, घरातल्या सगळ्यांना, पर्मेथ्रिन ५ टक्के गळ्यापासून पायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं आणि आठवड्याने परत, चादरी गरम पाण्यात. शिंगल्स म्हणजे नागीण, एकाच बाजूला पट्ट्यात, मधली रेघ ओलांडत नाही. गोवराला पुरळाच्या आधी गालाच्या आत मिठाच्या खड्यांसारखे ठिपके. नायटा म्हणजे टिनिया. इंपेटिगोला मधासारखी पिवळी खपली. आजीच्या तोंडची ही नावं असल्यामुळे डोळ्यापुढे माणूस उभा राहतो, आणि माणूस उभा राहिला की उत्तर सापडतं. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, सावळ्या अंगावर लाली जांभळट-तपकिरी दिसते हेही डोक्यात ठेवा.

स्क्रीनिंगची (लक्षणं नसताना करायच्या तपासण्यांची) वयं मात्र सरळ पाठच करावी लागतात, इलाज नाही. यूएसपीएसटीएफचं (अशा तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या अमेरिकेतल्या समितीचं) कोलन कॅन्सरचं ४५ पासून, मॅमोग्राम ४० ते ७४ दोन वर्षांतून एकदा, पॅप (गर्भाशयाच्या मुखाची तपासणी) २१ पासून, फुप्फुसाचा सीटी ५० ते ८० वयात २० पॅक-इयर (रोज एक पाकीट असं वर्षभर म्हणजे एक) झालेल्यांना, जे अजून ओढतात किंवा सोडून १५ वर्षं झाली नाहीत. कधीतरी सिगरेट ओढलेल्या पुरुषाला ६५ ते ७५ मध्ये एकदा पोटाच्या महाधमनीची सोनोग्राफी. हे मी कारमध्ये रेकॉर्ड करून ऐकायचे, स्वतःच्याच आवाजात, ड्युटीला जाताना.

शेवटच्या दोन आठवड्यांत किमान दोन पूर्ण टेस्ट घड्याळ लावून, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. परीक्षा ज्या वेळची घेतलीये त्याच वेळी बसा. नाइट करणाऱ्यांनी सकाळी आठचा स्लॉट घेऊ नये, मी दुपारचा घेतला. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जा आणि शेवटी परत या, पण परत आल्यावर ठोस कारण सापडल्याशिवाय उत्तर बदलू नका, माझ्या वहीतला तिसरा रकाना ह्यानेच भरला होता.

परीक्षेच्या दिवशी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं घरी ठेवून जा, सेंटरवर दागिने चालत नाहीत किंवा उलटसुलट तपासतात आणि तिथे ते काढताना उगाच धडधड वाढते. अर्धा तास आधी पोहोचा. पोटभर भात खाऊन जाऊ नका (हे अनुभवाचे बोल आहेत). संपलं की तात्पुरता निकाल तिथेच कळतो, अधिकृत नंतर येतो.

नापास झालात तर? एएएनपीत कच्च्या भागात १५ तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन करून परत अर्ज करायचा, आणि एका कॅलेंडर वर्षात दोनदाच बसता येतं. एएनसीसीत ६० दिवस थांबायचं, बारा महिन्यांत तीन प्रयत्न. रिपोर्टवर कुठला भाग कच्चा ते येतं, वहीशी ताडून बघा. नोकरीची ऑफर हातात असलेल्यांनी डिसेंबर आणि जानेवारीचा हिशोब नीट लावावा, एएएनपीत वर्ष बदललं की मोजणी बदलते.

पास झालात की लगेच पेशंट बघता येत नाहीत, राज्याचं एपीआरएन (अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स) लायसन्स, एनपीआय नंबर (प्रोव्हायडरचा ओळख क्रमांक), आणि कंट्रोल्ड (नशेची, सवय लागणारी) औषधं लिहायची असतील तर डीईएचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याला आता व्यसनांच्या उपचाराचं आठ तासांचं ट्रेनिंगही लागतं. हे अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाका, काही राज्यांत महिने लागतात. काही राज्यांत एनपी स्वतंत्र काम करू शकतात, काहींत डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो, नोकरी शोधताना हे आधी बघा. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं, रिन्यूअलच्या तासांची फाइल पहिल्या दिवसापासून उघडा, त्यात फार्मॅकॉलॉजीचे किमान २५ तास लागतात आणि तेच सगळ्यांचे शेवटी कमी पडतात.